सातव्या नावानंतरचा श्वास

“सातव्या नावाच्या पुढं काय छापायचं, तेवढं सांगा बाइंडर. बाकी पान तयार आहे.”

“छापायचं काय त्यात? तिथं मास्तर थांबायचे.”

“तेच म्हणतोय ना मी! थांबायचे ते उगाच का? एक ओळ कोरी सोडू आणि खाली बारीक अक्षरात टीप टाकू, ‘इथे शब्द संपतो.’ कशी वाटते?”

बाइंडरनं दाभण पुठ्ठ्यात खुपसलं आणि हात फडक्याला पुसले. कोपऱ्यात त्याची बायको पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत होती.

विचारणारे वकील अभ्यासवर्गाचे चिटणीस; वर्गात म्हणायच्या नावांचं पान ते छापून घेत होते. दर रविवारी सकाळी शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत तीसेक माणसं जमायची आणि अद्वैताचा एखादा ग्रंथ ओळ-ओळ करत वाचायची. एकेका ओळीला कधी महिनाही जायचा. वाचण्याआधी वर्ग घेणारे मास्तर गुरुपरंपरेची सात नावं म्हणायचे. सातवे म्हणजे मठातले स्वामी, मास्तरांचे गुरू. त्यानंतर मास्तर एक श्वासभर गप्प. मग सगळ्यांना मिळून नमस्कार, आणि चष्मा डोळ्यांवर.

वर्गानं तो श्वासही पाठ केला होता. तीस माणसं एकदम गप्प व्हायची. तो श्वास आत कोंडायचा की हळूच सोडायचा, यावरून पोस्टातला कारकून आणि औषधांचा दुकानदार वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. जीव आणि ब्रह्म दोन नाहीत म्हणणारी माणसं ही!

मास्तर महिन्यापूर्वी गेले. आता आठवं नाव त्यांचं, आणि येत्या रविवारपासून ग्रंथ पुढं न्यायचा बाइंडरनं, म्हणजे पुढं कधीतरी नववं त्याचं. एकतीस वर्षं तो त्या खोलीत सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंजी अंथरत आला होता. आपणही कधी मास्तरांच्या जागी बसून वाचावं, लोकांच्या शंका सोडवाव्यात, ही इच्छा त्यानं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. बायकोला तेवढी ठाऊक. लग्नाची बायको, तिच्यापासून काय लपतंय?

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “तिथं शब्द संपत नव्हता. तिथं मास्तर एक नाव घ्यायचे. मनातल्या मनात.”

“कुणाचं?”

“काकूचं. त्यांच्या थोरल्या काकूचं. दवाखान्याच्या चादरी धुवायची ती.”

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी बाइंडरला सांगितलं होतं. पंधराव्या वर्षी ते मठात गेले. दोन वर्षं स्वामींसमोर बसले आणि मान डोलवून घरी आले. डोक्यात काडीचा उजेड नाही. काकू चादरी धुऊन शिवाय त्याच मठातली प्रवचनाची खोली वीस वर्षं झाडत होती, कान उघडे ठेवून. एका दुपारी ओल्या चादरीचं एक टोक मास्तरांच्या हातात देऊन तिनं विचारलं, “स्वप्नात पडलास, गुडघा फुटला. जागा झालास. आता मलम कुठं लावशील?” चादर पिळता पिळता पोरगा जागच्या जागी थांबला. तिथून पुढं नऊ वर्षं तीच शिकवत होती. स्वामींनी फक्त पाठीवर हात ठेवला. “नाव त्यांचं सांगितलं, कारण लोक ऐकतात,” मास्तर म्हणाले होते. “माझं धाडस झालं नाही. तुझं तू बघ.”

वकिलांनी खुर्ची मागं सरकवली. “वा! म्हणजे सगळी परंपराच धुलाईला टाकायची? तिला दीक्षा नाही, अक्षरओळख नाही. मग मास्तरांना अधिकार कुठला? आणि मास्तरांना नाही, तर तुम्हाला कुठला?”

“तेच म्हणतोय मी. असेल तो काकूकडूनच आलेला.”

“हे बघा, इथं आपण तिघंच आहोत. वहिनी काही बोलायच्या नाहीत. कोरी ओळ ठेवू. रविवारी तुम्ही वाचायला बसा.”

होय म्हणायला बाइंडरला काय लागत होतं? कोरी ओळ काही खोटं बोलत नाही. पण रविवारी त्याला त्याच जागी थांबावं लागणार होतं, आणि तीस माणसं त्याच्या तोंडाकडं बघत थांबणार होती. मास्तर गप्प राहिले ते भीतीनं. आता तीच भीती वर्गाला ज्ञान म्हणून शिकवायची?

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. पान पुढं ओढलं आणि सातव्या नावाखाली लिहिलं, ‘काकू’. मास्तर तिला एवढंच म्हणायचे.

वकिलांनी पान उचललं, घडी न घालताच पिशवीत कोंबलं. “सभेपुढं ठेवतो. पण मग वाचायचं कुणी, तेही सभाच ठरवेल. राग मानू नका.”

“राग कसला? ठरवू द्या.”

पायऱ्यांवरून चपला वाजत गेल्या. बायको अजून खळ ढवळत होती. ती म्हणाली, “झालं समाधान? एकतीस वर्षं सतरंज्या झटकल्या, आणि हातात आलेलं एका शब्दात घालवलंत.”

त्यानं पेन्सिल पुन्हा कानामागं खोचली.

तीच पुन्हा म्हणाली, “त्या चादरीचं मला कधी सांगितलं नाहीत.”

“सांगेन.”

“आत्ता नको. वाचनालयाचे ते दोन जाड शब्दकोश सकाळी न्यायला येणार आहेत, आणि एकाची पाठ अजून उघडी पडलीय.”

त्यानं शब्दकोश मांडीवर घेतला, दोरा मेणातून ओढला, आणि सुटलेल्या पानांचा पहिला गठ्ठा शिवायला घेतला.