पोटुशी कुर्ली

दुसऱ्या मजल्यावरच्या नीलाकाकींना सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही, पण ओहोटी लागली की खाडीवर त्यांचंच राज्य. बोरिवलीच्या त्या खडकांवर कालवं फोडायला जाणाऱ्या पाचही बायका त्यांच्याच तालमीतल्या. काकी लग्न होऊन वेंगुर्ल्याहून आल्या त्या दागिन्यांपेक्षा नियमच जास्त घेऊन. त्यातला पहिला: अंडी धरलेली कुर्ली, म्हणजे खेकडी, घरी न्यायची नाही. ‘पोटुशी आसा ती, सोड तिका,’ म्हणत त्या तिला दोन्ही हातांनी पाण्यात ठेवत. इतकं जपून त्यांनी सुनेलाही कधी वागवलं नसेल.

तीन वर्षांपूर्वी खडकांच्या फटींत हिरवट रंगाची, सुपारीएवढी नवीच कुर्ली दिसू लागली. पोटाखाली अंड्यांचा नारिंगी गोळा. काकी खूश! दिसली की सोड, दिसली की सोड.

यंदा खडक उघडे पडले आणि काकींचा चेहरा उतरला. जुनी थोराड कालवं होती, बारकं एकही नाही. नुसते कडा कुरतडलेले रिकामे शिंपले. नेहमीच्या काळ्या कुर्ल्याही फटींतून हुसकावलेल्या. आणखी दोन वर्षं असंच चाललं, तर काकींचं राज्य बुडालंच म्हणायचं.

चौथ्या मजल्यावरची गंधाली समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करते. काकींनी बरणीत घालून आणलेली हिरवट कुर्ली तिने निरखली.

“ही इथली नाही, काकी. जहाजं तोल राखायला टाकीत दूरच्या बंदरातलं पाणी भरून आणतात, त्यातून आली असणार. कोवळी कालवं फोडून खाते. आणि एकीच्या पोटाखाली हजारो अंडी.”

“हजारो?”

“तुम्ही किती सोडल्यात?”

“बस, चाय टाकतंय,” काकी म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या ओहोटीला पाचांतल्या चेतनाला तसलीच एक सापडली. शिकवल्याप्रमाणे ती पाण्याकडे वळली.

“थांब! मार तिका.”

“काकी, पोटुशी आहे!”

“दिसता माका.”

“वा गं वा! मी एक घरी नेली तर आठवडाभर बोलला नव्हतात.”

बाकीच्या चौघी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. सरकारचा हुकूम आलाय, अशी थाप काकींना सहज मारता आली असती. थापांची तिथे कधीच टंचाई नव्हती.

“चुकलंय मी,” त्या म्हणाल्या. “तीन वर्सां चुकलंय.”

चेतनाच्या हातातली कुर्ली घेऊन त्यांनी खडकावर ठेवली, कोयती उलटी धरली. पहिला घाव चुकला, दुसरा बसला.

भरती चढेपर्यंत हिरवट कुर्ल्यांनी दोन बादल्या भरल्या. कालवं त्या दिवशी कुणीच काढली नाहीत.