कुंपणातला एकदंत

गेल्या महिन्यात आमच्या घराण्याचं संमेलन झालं. माझ्या पुतण्यानं भाषणात सांगितलं, की आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गणेशभक्ती इतकी थोर होती की बंगळूरच्या घराच्या कुंपणात गणपती आपोआप उगवला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

आप्पा संकष्टीलासुद्धा आईची नजर चुकवून हॉटेलात दोसा खाऊन येत. त्यांना गणपती नको होता. त्यांना हत्ती हवा होता. तो त्यांच्या हातून गेला माझ्यामुळे, आणि हे सांगायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही बसवनगुडीत राहत होतो. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. आप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. दर रविवारी ते लालबागेत जाऊन सुरूची झाडं कापून केलेले मोर आणि हरणं बघत बसायचे. आमच्या फाटकाशेजारीही सुरूचं एक बुटकं, दाट झाड होतं. एका रविवारी जेवणं झाल्यावर आप्पांनी विषय काढला, की या सुरूला काहीतरी आकार द्यायचा. कोणता, ते सांगा.

"काहीही करा, पण दाट करा," आई म्हणाली. "रस्त्यावरनं आपली मोरी दिसते."

माझ्या थोरल्या भावाला घोडेस्वार हवा होता, उपसलेल्या तलवारीसकट. "आपण लढवय्ये लोक," तो म्हणाला.

"काल झुरळ बघून टेबलावर कोण चढलं होतं?" आप्पांनी विचारलं.

मी विमान सुचवलं. आप्पा म्हणाले, "जमिनीवर उभं विमान दिसलं की लोक विचारतात, बिघडलंय का?"

आत्यानं तुळशीवृंदावन सुचवलं. ती आप्पांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडं आलेली. आप्पा तिला अक्का म्हणत. "एवढी जागा अडवायची तर देवाचं काहीतरी करा," ती म्हणाली.

"अक्का, घरात देव पुरेसे आहेत. बाहेर थोडा हत्ती असू दे."

मग हत्तीच का, तेही त्यांनी सांगितलं. लहानपणी म्हैसूरच्या दसऱ्याला त्यांनी हत्ती येताना पाहिला होता आणि भलेभले लोक भिंतीला चिकटले होते. "मी दिवसभर लोकांना वाट देतो," आप्पा म्हणाले. "लोक ज्याला वाट देतात असं एक तरी काही माझं असावं."

बांबूच्या कामट्या, तार, सुतळी आणि पत्रे कापायची वाटावी अशी एक प्रचंड कात्री घेऊन आप्पा दोन वर्षं त्या सुरूला हत्ती करत होते. एका बुंध्यातून चार पाय काही निघेनात, म्हणून हत्ती बसलेला ठरला. सोंड झाली, कान झाले. शेवटी दोन कोवळ्या फांद्या तारेला बांधून, वाकवून सुळे केले. जानेवारीत गावात घरगुती बागांची स्पर्धा व्हायची, तीत आप्पांनी नाव दिलं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. श्रावण नुकताच लागला होता. आप्पा कचेरीत असताना मला वाटलं, डावा सुळा जरा लांब आहे. त्या दिवसांत मी मिशी ठेवायला लागलो होतो आणि दोन्ही बाजू सारख्या करता करता ती दोनदा गमावली होती. त्यातून माणूस शिकतो असं नाही. मी डावा थोडा कापला. मग उजवा लांब दिसायला लागला. तो कापायच्या आधी डाव्याचं टोक नीट करावं म्हणून एक सुतळी तोडायला गेलो, तर फांदीच हातात आली, तारेसकट. मी ती न्हाणीघरात नेऊन पाणी तापवायच्या हंड्याखाली जाळात सारली आणि अभ्यासाला बसलो. त्या दिवशी आप्पा आले तेव्हा अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परडी घेऊन फुलं तोडायला गेलेली आत्या फाटकाजवळ किंचाळली. "एकदंत! अरे, एकदंत!"

आप्पा कॉफीचा पेला घेऊन धावले. "अक्का, तो हत्ती आहे. त्याचा सुळा मोडलाय."

"कोणी मोडला?"

आप्पांनी आमच्याकडं पाहिलं. त्या क्षणी मी जे बोललो त्यासाठी आज हे लिहितोय. मी म्हणालो, "मोडला कसा म्हणता? रात्री झोपताना दोन्ही होते. मी पाहिलेत."

झालं. चमत्काराला साक्षीदार मिळाला. सोंड डावीकडं वळलेली आहे, हेही तेवढ्यात आत्याच्या लक्षात आलं.

"इथून पाच मिनिटांवर त्याचं एवढं मोठं देऊळ आहे," आप्पा म्हणाले. "ते सोडून तो आमच्या कुंपणात कशाला येईल?"

"तिथं गर्दी असते," आत्या म्हणाली.

आठवडाभरात ती आमच्याकडंही झाली. कुणी नारळ आणला, कुणी दूर्वा. शेजारच्या गल्लीतली बाई हत्तीच्या पोटाला लाल कापड बांधून गेली. आप्पांनी कात्री उचलली की आत्या आडवी. "देवाच्या कानाला कात्री लावशील?" हत्ती वाढत वाढत अस्वल झाला. आप्पा कचेरीतून येत, अस्वलाकडं बघत आणि आत जात.

चतुर्थीला आत्यानं त्या झाडाला अक्षता वाहून रीतसर प्रतिष्ठा केली, तेव्हा मात्र आप्पांचा चेहरा उजळला. "प्रतिष्ठा झाली ना, अक्का? म्हणजे विसर्जनही आलंच. मग देव गेला, उरलेला हत्ती माझा."

अनंत चतुर्दशीला आमचे भटजी आले. उत्तरपूजा झाली, आणि ते म्हणाले, "आता मूर्ती जागेवरून हलवा. त्याशिवाय देव जात नाही."

"अहो, झाड आहे ते."

"मी कुठं उपटा म्हणतो? स्वल्प हलवा. उत्तरेकडं."

आप्पा, मी, भाऊ आणि दूधवाला, चौघांनी सुरूला खांदा लावला. मोरयाचा गजर झाला. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी दूधवाल्याला जोर चढला, जमिनीत कर्र वाजलं आणि आख्खा गणपती रस्त्याकडं कलला तो कललाच.

"सरी, झालं," भटजी म्हणाले. "गेले."

आप्पांनी दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे अस्वलातून हत्ती परत काढायला घेतला. तो निघालाही, फक्त तिरका आणि एका सुळ्याचा. जानेवारीत परीक्षक आले. त्यांतल्या टायवाल्या गृहस्थांनी झाडाला एक फेरी मारली, मान तिरकी केली आणि ते आनंदानं ओरडले, "किटली! तुंबा चेन्नागिदे!" फारच छान, असं ते म्हणत होते. मग त्यांनी सोबतच्यांना समजावलं. हे गोल पोट, ही पुढं नळी, ती चहा ओतताना वाकलेली. कल्पना काय सुंदर! त्यांनी किटलीला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. आप्पा म्हणाले, "थँक यू, सर."

ते गेल्यावर आप्पा पायरीवर बसले. मला जवळ बोलावलं. "तुला काय दिसतं रे?"

"हत्ती," मी म्हणालो. खरं तर मलाही किटलीच दिसत होती.

"छान बोलतोस. तेव्हाही छान बोलला होतास." त्यांनी खिशातून एक तार काढली. जळून काळी झालेली, सुळ्यासारखी वाकलेली. "हंड्याखालची राख काढताना मिळाली. त्याच आठवड्यात."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

आप्पांनी घराच्या आत पाहिलं. आत्या स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होती. "हिला भेटायला म्हणून कधी कोणी आलं होतं का या घरात?" ते म्हणाले. मग कात्री माझ्या हातात दिली. "जा. उरलेला सुळाही काप."

"आप्पा..."

"हत्तिणीला सुळे नसतात, गाढवा."

मी कापला. आवाज ऐकून आत्या बाहेर आली. "आता ही कोण?"

"हत्तीण, अक्का."

आत्या आत गेली आणि गुळाचा खडा आणून तिनं बुंध्याशी ठेवला. आई म्हणाली, "मोरी अजून दिसतेच आहे."

एवढीच दुरुस्ती मला करायची होती. आमच्या कुंपणात गणपती कधीच नव्हता. हत्तीण होती, आणि ती फूटपाथवर इतकी कलली होती की येणाऱ्या-जाणाऱ्याला खाली रस्त्यावर उतरून जावं लागे. पेन्शनीत गेल्यावर आप्पा रोज संध्याकाळी पायरीवर बसून ते बघत. एकदा त्यांच्याच कचेरीतले जुने साहेब तिकडून आले. हत्तिणीपाशी थांबले, धोतर सावरलं आणि बाजूनं खाली उतरून गेले. आप्पांनी आईला हाक मारून कॉफी मागितली. दुसऱ्यांदा.