चेंडूंच्या कपाटाची किल्ली

केनियाच्या डोंगराळ भागात, केरिचोच्या चहामळ्यातल्या क्लबात टेनिसच्या चेंडूंचं कपाट एकतीस वर्षं अराप मिबेईच्या ताब्यात होतं. किल्ली सुतळीत ओवून गळ्यात. कोर्टावर कुणी आलं की तो आधी त्याच्या खांद्याकडे बघायचा, मग मनगटाकडे, आणि मगच कपाट उघडायचा. लहान मुलांना मोठे, मऊ, लाल चेंडू. नवशिक्यांना हिरव्या ठिपक्याचे, जरा संथ. जोरात हाणणाऱ्यांना जाड लोकरीचे. निवृत्त नर्स तापकिगेनबाईंचं कोपर दुखायचं, त्यांच्यासाठी खेळून नरमलेले चेंडू वेगळ्या टोपलीत. प्रत्येक चेंडू तो डोक्याइतक्या उंचीवरून सोडून बघायचा. कमरेच्या पट्ट्यापर्यंत उसळला तर ठीक, नाहीतर बाजूला. रोज साठ चेंडू. एकही दिवस चुकवला नाही.

मग सिगेई कारखान्याचा मॅनेजर होऊन आला. मूळचा इथलाच, पण बारा वर्षं मोम्बासाच्या बंदरात काढलेली. महिन्याभरात क्लबाचा कॅप्टन झाला. एका रविवारी व्हरांड्यात सगळे चहा पीत बसले असताना त्याने मिबेईला बोलावलं.

"हे मेलेले चेंडू देतोस मला. चांगले कुठे जातात? कपाटात तीन डझन कमी आहेत."

"चहात गेलेत, साहेब. झुडपं छाटतील तेव्हा निघतील."

"चहात! झुडपं चेंडू खातात वाटतं? बाजारात जातात म्हण की."

दोघंतिघं हसले. बाकीचे कपात बघत राहिले. सिगेईने हात पुढे केला. गळ्यातली सुतळी काढायला मिबेईला मान खाली घालावी लागली. चोर म्हटलेलं त्याने एक वेळ गिळलं असतं. ती घातलेली मान त्याला गिळता येईना. त्याने डूख धरला.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या शनिवारी क्लबात कामगार विरुद्ध सभासद असा एका सेटचा सामना व्हायचा. त्याची रीत जुनी. चेंडू सभासदांनी आणायचे, समोर कोण खेळणार ते कामगाराने ठरवायचं. मध्येच चेंडू बदलायचे तर दोघांची संमती लागायची. यंदा कामगारांकडून मिबेई उतरला आणि त्याने सिगेईचं नाव दिलं. सिगेईने मोम्बासाहून तीन-तीन चेंडूंचे तीन बंद डबे मागवले, तिथे तो ज्यांनी खेळायचा तेच.

तापकिगेनबाईंनी मिबेईला कोर्टाच्या मागे गाठलं. "अरे, समुद्रकाठचे चेंडू या उंचीवर सुटतील की! इथली हवा पातळ. त्याला सांगणार नाहीस?"

"मी बाजारात चेंडू विकणारा माणूस, बाई. मला कुठलं कळतंय?"

"तू लई वाईट आहेस, मिबेई."

"अजून नाही. शनिवारपर्यंत होतो."

घरी त्याच्याकडे मोम्बासाच्या एका जुन्या पाहुण्या संघाने भेट दिलेला बंद डबा होता. तो त्याने सरावाच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी राखला, कारण डबा उघडला की चेंडू मरायला लागतो. रॅकेटच्या तारा ताणून घेतल्या. पहाटे पत्ती सुकवायच्या शेडची भिंत गाठायची आणि तीनशे फटके मारायचे. हात मागे न्यायचाच नाही, फक्त पुढे ढकलायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे बोंबलायचे. तो त्यांना म्हणायचा, शनिवारनंतर काय ते ओरडा.

शनिवारी पत्ती तोडणाऱ्या बाया मुर्सिकचे भोपळे घेऊन कुंपणाला टेकल्या. आंबट दूध आणि फुकटची करमणूक. सिगेईने डबा उघडला. फुस्स आवाज झाला, तसा तो खूश झाला.

"ऐकलास, बाबा? याला म्हणतात जिवंत चेंडू."

"ऐकलं, साहेब."

सिगेईचा पहिला फटका रेषेबाहेर हातभर गेला. दुसरा मागच्या जाळीवर. तिसरा जाळीवरून पार, उतारावरच्या चहात. तो दात-ओठ खाऊन अजून जोरात मारायला लागला आणि चेंडू अजून लांब जायला लागले. मिबेई नुसता परत ढकलत होता, बुटका, बसका, एकेक. धावण्यासारखं त्याला फारसं राहिलंच नव्हतं.

सहावा चेंडू चहात पडला तेव्हा कुंपणावरून एकीने हाक दिली, "बघा गं, बाजार भरला!"

"कॅप्टनसाहेब, भाव काय लावला?"

आता सभासदही हसले. अडीच महिन्यांपूर्वी कपात बघणारे तेच. सिगेईने उताराकडे पाहिलं. झुडपं दाट, कमरेएवढी, कुठे काही दिसत नव्हतं. मिबेईला त्याचा चेहरा नीट दिसला. एवढ्यासाठीच त्याने गुडघे झिजवले होते.

पाच-शून्य. नऊपैकी दोन चेंडू उरले. सिगेई जाळीपाशी आला आणि हळू म्हणाला, "बाबा, कपाटातले काढू या का?"

"किल्ली तुमच्याकडे आहे. आणि चोराने कपाटाला हात कसा लावायचा?"

"बरं, चुकलं माझं."

"व्हरांड्यात ऐकू गेलं नाही."

सिगेईच्या कानांपर्यंत लाली चढली. तो वळला आणि मोठ्याने म्हणाला, "अराप मिबेईंनी चेंडू चोरले नव्हते. मी खोटा आळ घेतला." मग खिशातून किल्ली काढून जाळीवरून दिली. मिबेईने मान ताठ ठेवून सुतळी गळ्यात घातली.

"आता बदलू या?" सिगेईने विचारलं.

"नाही, साहेब. आळाचं मिटलं. सामना अजून व्हायचाय."

तो सहा-शून्य झाला. शेवटचा फटकाही चहातच गेला.

सोमवारी सिगेई कोर्टावर आला. मिबेईने त्याचा खांदा बघितला, मनगट बघितलं, कपाट उघडलं आणि हिरव्या ठिपक्याचे चेंडू हातात ठेवले.

"हे तर नवशिक्यांचे."

"हो. तुमचा हात सुटलाय. याच्यावरच बसेल. दुसऱ्या कुणालाही मी हेच दिले असते."

ते खरं होतं. बाकावर बसलेल्या तापकिगेनबाईंनीही मान डोलावली. सिगेईने चेंडू बोटांत फिरवला.

"किती दिवस?"

"किल्ली तुमच्याकडे अकरा आठवडे होती," मिबेई म्हणाला. "तेवढेच."