बरा म्हणजे किती बरा

माझा नातू बेसबॉलमध्ये पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारा. उजव्या कोपराचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं आणि वर्षभर चेंडू बंद. मुलगा-सून ऑफिसात, त्यामुळे अमेरिकेतल्या या शॉमबर्गच्या घरात दिवसभर मीच. त्याच्या शर्टाची बटणं मी लावली, त्याची चिडचिडही मीच ऐकली. पुढे तो मागच्या अंगणात जाळीवर चेंडू मारू लागला. मी खिडकीतून बघायचे. दुखरा हात माणूस जपून वापरतो. हा जपत नव्हता.

यंदा वसंतात त्याच्या सामन्याला एका कॉलेजचा स्काउट आला. स्काउट म्हणजे खेळणारी पोरं हेरून कॉलेजच्या संघाला सुचवणारा माणूस. दुखापतीआधी असे बरेच यायचे, आता हा एकटाच. पोराचं सगळं त्याच्या शब्दावर होतं.

वसंत नावालाच. पत्र्याच्या बाकावर मी ब्लँकेट गुंडाळून बसले होते, शेजारी सून. नातवानं चेंडू चांगले टाकले, शेवटी थोडा मंदावला. वेग मोजायचं यंत्र हातात घेऊन स्काउट आमच्याकडे आला आणि हसत मलाच काहीतरी विचारलं.

सून म्हणाली, "आई, हात कसा आहे विचारतायत. तुम्ही घरी असता ना दिवसभर."

"बरा आहे. सांग त्यांना, बरा आहे आता."

सुनेनं इंग्रजीत सांगितलं. त्यातलं 'सो-सो' तेवढं मला ऐकू आलं. त्या माणसाचं हसू गेलं. त्यानं यंत्र पिशवीत टाकलं.

काही दिवसांनी कोचचा फोन आला. स्काउटनं दुसऱ्याच पोराचं नाव दिलं होतं. वेग ठीक होता म्हणे, पण घरचेच म्हणतात हात जेमतेम आहे, मग आपण कशाला जोखीम घ्यायची?

"जेमतेम कोण म्हणालं?" मुलगा ओरडला.

"आई म्हणाल्या," सून म्हणाली.

"मी बरा म्हणाले."

"तेच ना! लग्न झाल्यापासून माझी आमटी बरी, माझी साडी बरी. चांगलं असं काही मी केलंच नाही कधी. तुमचं बरं म्हणजे काय, ते मला नका शिकवू."

"आमटीला ताप येत नाही. माणूस दुखण्यातून बरा होतो. एवढं मराठी येत नाही तुला?"

"मग बरा झाला म्हणायचं! मला वाटलं, त्यानं दुखतंय म्हणून तुम्हालाच सांगितलं असेल. पुन्हा फाटलं असतं लिगामेंट, तर?"

तिची आमटी असतेच नुसती बरी. त्याला मी काय करू?

मुलानं स्काउटला फोन करून सगळं समजावलं. जागा भरली होती. फोन ठेवून तो मला म्हणाला, "यापुढे तू मध्ये बोलू नकोस."

नातू जिन्यात उभा राहून ऐकत होता. मोडकंतोडकं का होईना, माझ्याशी तो मराठीत बोलायचा. आता इंग्रजीतच बोलतो. मला कळत नाही हे त्याला ठाऊक आहे. सून अर्थ सांगायला पुढे येते. मी तिला नको म्हणते.