सहा सेकंदांचं पिवळं कार्ड

आमच्या ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणतात. वय अठ्ठेचाळीस, चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा दिवसातून दोनदा टेबलभर शोधणार. चित्र काढायचं, तीनदा खोडायचं आणि चौथ्यांदा पुन्हा पहिल्यासारखंच काढायचं, ही बाईसाहेबांची पद्धत. मी संकलक. तिची चित्रं हातात पडेपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा झालेला असतो. पण तिच्यासारखं काढणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

गेले पाच महिने आम्ही चार मिनिटांच्या एका ॲनिमेशनपटाची स्टोरीरील करत होतो. म्हणजे कच्ची चित्रं ओळीनं लावायची, त्यांना आमच्याच आवाजातले संवाद जोडायचे आणि फिल्म बनण्याआधीच ती कुठे लंगडते ते बघून घ्यायचं. गोष्ट खोडरबरचीच. ती सहा वर्षांची असताना आईनं तिला वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं. एक काडी मोडलेली छत्री घेऊन बसथांब्यावर सोडायला आली. तीन महिन्यांनी आई गेली. आईचं शेवटचं दर्शन ते एवढंच. एकदा जेवताना तिनं हे सहज सांगितलं, तर आमच्या दिग्दर्शक बाई हातातला घास तसाच ठेवून म्हणाल्या, "हीच आपली फिल्म."

सगळं जुळत गेलं, एक जागा सोडून. बस सुटताना आई काहीतरी बोलते. काय, ते ठरेना. एखादी जागा अडली की तिथे पिवळं कार्ड लावायचं, असा आमचा रिवाज. त्यावर लिहिलं होतं, 'आई इथे काहीतरी बोलते. सहा सेकंद.'

बाईंनी माइकसमोर "नीट जेव गं" म्हणून पाहिलं. मी "लवकर ये" लिहून दिलं. दरवेळी खोडरबर मान हलवायची.

"असं नव्हती बोलली."

"मग काय बोलली?"

"आठवत नाही."

"ते आठवत नाही, पण असं नव्हतं हे मात्र बरं आठवतं!" एकदा मी खेकसलोच. तिनं रबर उचललं आणि आईचा हात पुन्हा खोडायला बसली.

शुक्रवारी रील पुढच्या चित्रकारांकडे जायची होती. एकदा गेली की बदल नाही. गुरुवारी दुपारी खोडरबर तिच्या मावशीला घेऊन आली. आई गेल्यावर याच मावशीनं तिला लहानाचं मोठं केलं. "घरच्या माणसाचं मत घेऊ," ती म्हणाली. पण चेहऱ्यावरून कळत होतं, तिला मावशीला तिची गेलेली बहीण पडद्यावर दाखवायची होती.

मी दिवा बंद केला. पडद्यावर आई बसथांब्याकडे चालायला लागली.

"अगं, ही तर माझी छत्री," मावशी म्हणाल्या. "आणि ही चालही माझी. डावा पाय ओढत."

पिवळं कार्ड आलं, सहा सेकंद गेले, रील संपली. मी दिवा लावला.

"आईनं तुझी छत्री नेली असेल," खोडरबर म्हणाली.

"ती कुठली नेणार? तिला अंथरुणातून उठवत नव्हतं. मी आले होते सोडायला. तुला आठवत नाही होय?"

खोडरबर टेबलावर चष्मा शोधायला लागली. तो कपाळावरच होता. आम्ही कुणी सांगितलं नाही.

"मग तिला मी शेवटचं कधी पाहिलं?"

"घरीच. ती आतून तुला हाका मारत होती आणि तू दारात बुटाचे बंद बांधत होतीस. उशीर होत होता गं. मीच तुला ओढत नेलं."

"म्हणजे पाहिलंच नाही."

मावशी पर्सची चेन उघडत, लावत राहिल्या. आणि अशा वेळी आमच्या बाई पुढे सरकून विचारतात, "मग बस सुटताना तुम्ही काय बोललात?" मला त्यांचा संताप आला. पण खरं सांगतो, कान माझेही टवकारलेले होते, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

"मी कुठे काय बोलले? बस हलली तशी हिनं खिडकीतून 'आई' म्हणून हाक मारली. सगळे बघायला लागले. मी ओ दिली. दुसरं काय करणार होते?"

बाईंनी गुपचूप माइक पुढे केला. मी नको म्हणणार होतो, तेवढ्यात खोडरबरच उठली. "घ्या. खरं तेच आहे." ती माइकसमोर उभी राहिली आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या आवाजात तिनं हाक मारली, "आई!"

"ओ," मावशी म्हणाल्या.

ओ यायला एक सेकंदही लागला नाही. मी पिवळं कार्ड काढून तो आवाज तिथे बसवला. अगदी चपखल बसला. माझ्या उभ्या नोकरीत एखादी गोष्ट इतकी नेमकी बसून मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"आईचा चेहरा बदलू का?" खोडरबरनं विचारलं.

"आता नाही गं. उद्या रील जातेय," बाई म्हणाल्या.

तिनं हातातलं रबर खाली ठेवलं. मग हळूच मला म्हणाली, "पाच महिने आईला काढत होते रे. आता डोळे मिटले तरी मावशीच दिसते." मी "होईल सगळं ठीक" असं काहीतरी पुटपुटलो. त्याला काही अर्थ नव्हता.

मावशींना खाली सोडायला मी गेलो. शेवटच्या पायरीवर त्यांनी माझा दंड धरला.

"का रे, मी गप्प बसायला हवं होतं का?"

काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे ठरवण्याचा मी पगार घेतो. मी टॅक्सी थांबवली आणि दार उघडून उभा राहिलो. त्या आत बसल्या, तरी माझ्याकडेच बघत होत्या.