बन्सीची दुसरी गूळतुला

तिसगावच्या बाजारात मी मापाडी होतो, धान्य तोलून द्यायचो. ज्वारी तोलली, तूर तोलली, आणि आमच्या बन्सीला दोनदा तोललं. पहिल्यांदा हसत. दुसऱ्या वेळेचं आठवलं की अजून डोकं तापतं, कुणावर ते विचारू नका.

बन्सी बैलांचा व्यापारी. घोडेगावच्या बाजारात लांबून बैल बघून वजन सांगायचा आणि चुकायचा नाही. स्वतःच्या पोटाचा मात्र लई अभिमान. ब्याण्णव साली सोसायटीचा चेअरमन झाला तेव्हा आम्ही दोस्तांनी त्याला गुळानं तोललं. ढेप पडली की टाळ्या, ढेप पडली की टाळ्या! बारावी ढेप ठेवली तेव्हा कुठं गडी उचलला. गावभर गूळ वाटला.

पुढं गुडघे सुजायला लागले, साखर निघाली. नगरच्या डॉक्टरनं बजावलं, पोट उतरवा. बन्सी म्हणाला, "बाप पोट भराया राबराब राबला, अन् म्या उतरवू व्हय?" आम्ही फिदीफिदी हसलो. मग शौचावाटे रक्त जायला लागलं. त्यानं परस्पर मूळव्याध ठरवली आणि वर्षभर वैदूच्या पुड्या खाल्ल्या. लाजेपायी बायकोलाही सांगितलं नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडला, तेव्हा आतड्याचं ऑपरेशन ठरलं. त्याला आत नेलं तशी राहीबाईनं, त्याच्या बायकोनं, भैरोबाला नवस बोलला, "धनी पायानं घरी येऊ दे, गुळानं तोलीन."

डॉक्टर बाहेर आले. कॅन्सर होता, लिव्हरपर्यंत पसरलेला. मी चिडून विचारलं, "पोटानंच केलं ना हे?"

"ह्यांना त्यानंच झाला, असं सांगता येणार नाही," ते म्हणाले. "बारीक माणसालाही होतो. पण पोटातली चरबी गप पडून राहत नाही. वर्षानुवर्षं अंगात बारीक सूज धुमसत ठेवते, आतड्याच्या अस्तरालाही ती सोसावी लागते. त्यानं धोका वाढतो. रक्त दिसलं तेव्हाच आले असते तर..."

राहीबाईनं माझा हात घट्ट धरला. "छगनभाऊ, ह्यास्नी सांगू नगा. जीव सोडत्याल."

मग आम्ही त्याला मूळव्याधच सांगितली. वजन उतरायला लागलं तर म्हणालो, पथ्य लागू पडलं. खुळा खूश झाला! सदरा ढिला झालेला सगळ्यांना दाखवायचा. आणि एक दिवस त्यानंच काढलं, "म्या पायानं घरी आलो. नवस कशापायी ठिवायचा?" राहीबाई टाळत होती, पण देवाचं देणं किती टाळणार?

भैरोबाच्या देवळापुढं मी काटा टांगला. राहीबाईनं मुद्दाम बाराच ढेपा आणल्या होत्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काय बी करा, पर समद्या चढवा."

देवा रे! जन्मभर दाणाभर काटा मारला नव्हता मी. बन्सी पारड्यात मांडी घालून बसला. मी मागं उभा राहिलो आणि त्याच्या पारड्याच्या कडेवर पाय दाबला. पोरं ढेपा ठेवत होती. सात झाल्या, आठ झाल्या. टाळ्या वाजत होत्या. राहीबाईच्या तोंडावर जरा रंग आला.

"छगन," बन्सी मान न वळवता म्हणाला, "पाय काढ."

"कसला पाय रं?"

"काढ म्हन्तो ना."

मी पाय काढला. पारडं फाटकन वर गेलं. पोरांनी ढेपा उतरवायला घेतल्या. काटा बरोबर आला तेव्हा पारड्यात सहाच होत्या. टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

बन्सी खाली मांडलेल्या ढेपांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पथ्यानं एवढं उतरत न्हाई, छगन. जल्मभर गुरं बघितली म्या."

राहीबाईनं तोंडाला पदर लावला.

"अगं, रडू नगस," तो तिला म्हणाला. "सहा ढेपा देवाच्या, त्या वाट. राहिलेल्या घरी ने. तेराव्याच्या लापशीला हुतील."

दसऱ्याच्या आत त्या ढेपा फोडाव्या लागल्या. मी पंगतीला बसलो, पण घास उतरला नाही.