दादाला दाखवलेला सिनेमा

निर्गुडीच्या तेलाचा वास आला की मला अमरावतीतला तो तंबूतला सिनेमा आठवतो. मी नुकताच बी.ए. झालो होतो, आमच्या माळ्याच्या घरातला पहिला. थोरला दादा विहिरीत पडून मानेखाली लुळा झालेला. त्याच्या अंगाला सदा तेच तेल. अशाच एका लुळ्या माणसाचा सिनेमा लागला म्हणून कळलं, तसं मी हट्टानं दादाला आणि वहिनीला वलगावहून भाजीच्या बैलगाडीत गादी टाकून नेलं. पडद्यावरचा माणूस बायकोला 'तू माहेरी जा' म्हणतो, आणि ती त्याचे पाय धरून जन्मभर राहते. सारा तंबू रडला, मीही रडलो. एक वहिनी तेवढी कोरडी बसली होती. परतताना दादा तिला म्हणाला, "सिनेमातली ते मोठ्या घरची बाई हाये, जाईन कुठं? आपल्यात तं सोडचिठ्ठी देऊन बाईचा दुसरा पाट लागते. तू कावून थांबून राहिली वं?" "गप बसा, भाऊजी आयकून राह्यले." "आयकू दे. तोच लावून देईन तुया पाट, शिकेल हाये!" मी बैल हाकत राहिलो. पावसाळ्याआधी पंचांसमोर सोडचिठ्ठी झाली आणि वहिनी तेल्हाऱ्याला दुसऱ्या घरी गेली. निघताना तिनं दादाला दुधात भाकर चारली, आणि ती किती बारीक कुस्करायची ते मला दाखवलं. लोकांनी तिला नावं ठेवली, मी नाही ठेवली. पण त्या दिवशी गाडीत दादाला तिच्या तोंडून 'नाही जात' ऐकायचं होतं का, हे मला आजही कळत नाही. तो होता तोवर विचारायची माझी छाती झाली नाही.